कळसूत्री बाहुलीपासून यंत्रमानवापर्यंत

गेल्या काही वर्षांत यंत्रमानव हा विषय आपल्या प्राथमिक शाळांच्या वर्गांत आपोआप येऊन दाखल झाला आहे. तो पाठ्यपुस्तकातून आला असे म्हणण्यापेक्षा मोबाईलच्या पडद्यावरून आला असे म्हणणे अधिक योग्य होईल. गुडघ्याएवढ्या उंचीचा, दोन पायांवर चालणारा, मान वळवून बोलणारा यंत्रमानव मुले घरी पाहतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुजींना किंवा बाईंना त्याविषयी विचारतात. शाळाभेटींच्या प्रसंगी असे आढळून येते की, मुलांचे प्रश्न बहुधा तीनच असतात. तो जिवंत असतो का? त्याला हे सारे कोणी शिकविले? आणि पुढे तोच आम्हांला शिकवावयास येणार का? पहिल्या प्रश्नावर हसण्याचा आणि तिसऱ्यावर रागावण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु हे तिन्ही प्रश्न विचारी मनातून निघालेले आहेत व त्यांना नीट उत्तर मिळणे हा मुलांचा हक्क आहे. त्या कामी शिक्षकबंधुभगिनींना उपयोग व्हावा, या हेतूने या विषयाची पूर्वपीठिका येथे थोडक्यात दिली आहे.

१. कळ आणि सूत्र

या विषयाचा प्रारंभ परदेशातून करण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्री उतरून गेले की, सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव लागते. तेथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या व चित्रकथी या कला पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या आहेत. या कार्याबद्दल तेथील ज्येष्ठ कलावंत श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला.

कळसूत्री बाहुलीकडे विज्ञानाच्या दृष्टीने पाहावे. लाकडाचे शरीर, त्याला जागोजागी सांधे आणि सांध्यांना बांधलेले दोरे एवढीच तिची सामग्री असते. दोरा ओढला की हात वर जातो. सैल सोडला की आपल्या वजनाने खाली येतो. आपल्या भाषेने या वस्तूला जे नाव दिले आहे, त्यातच सारे शास्त्र आले आहे. 'कळ' म्हणजे हालचाल घडवून आणणारी यंत्ररचना आणि 'सूत्र' म्हणजे ती चालविणारा दोरा. सूत्र या शब्दाचा दुसरा अर्थही आपण जाणतो. गणितातील सूत्र म्हणजे नियम. यंत्रमानवाचा संपूर्ण इतिहास एका वाक्यात सांगावयाचा झाल्यास असे म्हणता येईल की, बाहुलीची कळ तीच राहिली. मात्र तिला चालविणाऱ्या दोऱ्याच्या जागी हळूहळू नियम आला. पहिल्या अर्थाचे सूत्र गेले व दुसऱ्या अर्थाचे सूत्र आले. सूत्र धरणारा हात मात्र दोन्ही ठिकाणी माणसाचाच आहे. ही एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसली तरी या पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.

२. आपोआप चालणाऱ्या मूर्ती

दोरा धरणारा माणूस नसतानाही बाहुली हलावी, ही इच्छा फार जुनी आहे. अकराव्या शतकात धार येथे राज्य करणाऱ्या भोज राजाच्या नावावर असलेल्या 'समराङ्गणसूत्रधार' या वास्तुशास्त्रावरील संस्कृत ग्रंथात यंत्रांविषयी एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात सेवा करणाऱ्या व दारावर पहारा देणाऱ्या यांत्रिक स्त्रीपुरुषांचा उल्लेख येतो. मात्र यंत्रांची घडण तपशिलाने सांगितलेली नाही, आणि ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी सांगितलेली नाही, असा खुलासाही तेथेच केलेला आहे. आज त्या वर्णनावरून एकही मूर्ती उभी करता येत नाही.

याच्या उलट उदाहरण जपानमध्ये सापडते. तेथे चहाचा पेला नेणारी लाकडी बाहुली प्रसिद्ध होती. तिच्या हातातील तबकात पेला ठेवला की ती पाहुण्याकडे चालू लागे. पाहुण्याने पेला उचलला की थांबे. रिकामा पेला परत ठेवला की वळून माघारी जाई. तिच्या पोटात गुंडाळलेली कमान व दातेरी चाके असत आणि पेल्याच्या भाराने एक अडसर सुटत असे किंवा लागत असे. १७९६ साली होसोकावा हान्झो या गृहस्थाने अशा बाहुल्यांची रचना आकृत्यांसह पुस्तकरूपाने छापून प्रसिद्ध केली, म्हणून आजही ती बाहुली कोणाही कुशल कारागिराला तयार करता येते. ज्ञान झाकले तर ते एका पिढीबरोबर मावळते आणि मांडले तर वाढते, हे शिक्षकांना निराळे सांगावयास नको. परंतु मुलांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

त्याच शतकात स्वित्झर्लंडमधील घड्याळजी प्येर जाके-द्रो याने व त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे १७७० च्या आगेमागे लिहिणारा मुलगा तयार केला. हा लहानसा लाकडी मुलगा मेजाशी बसून पिसाची लेखणी शाईत बुडवितो आणि कागदावर सुवाच्य अक्षरे काढतो. लिहिताना त्याचे डोळेही लेखणीबरोबर फिरतात. त्याच्या शरीरात सुमारे ६,००० भाग आहेत. विशेष असा की, आतील चाकावरील तुकड्यांची मांडणी बदलली म्हणजे तो चाळीस अक्षरांपर्यंतचा निराळा मजकूर लिहितो. म्हणजे शरीर तेच, परंतु सूचना बदलली की काम बदलते. आधुनिक संगणकाची मूळ कल्पना येथे बीजरूपाने दिसते. नेउशातेल येथील संग्रहालयात हा मुलगा आजही चालू स्थितीत आहे.

३. मागावरील पुठ्ठे

सूचना बदलली की काम बदलते, हे तत्त्व खेळण्यातून कारखान्यात कसे गेले, हे समजावून देण्यास आपल्या परिसरासारखा परिसर नाही. जयसिंगपुरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला व त्या गावाचे रूप पालटले. आपल्या शाळांतील कित्येक मुलांचे पालक यंत्रमागावर काम करतात. मागाचा खटखटाट मुलांच्या कानांना परिचित आहे; त्या आवाजातील शास्त्र मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

कापडात नक्षी उमटावयाची तर प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कोणते उभे धागे वर उचलावयाचे व कोणते खाली ठेवावयाचे, हे ठरवावे लागते. पूर्वी हे काम मागाजवळ एक माणूस, पुष्कळदा लहान मुलगा, दोऱ्या ओढून करीत असे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील ल्यों शहरात झोझेफ झाकार याने यासाठी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वापरली. जेथे छिद्र असेल तेथे सुई आत जाते व तिचा धागा उचलला जातो. जेथे छिद्र नसेल तेथे धागा खालीच राहतो. पुठ्ठ्यांची माळ बदलली की नक्षी बदलते. छिद्र आहे किंवा नाही, या दोनच चिन्हांत फुलापानांची सारी नक्षी साठविता येते. आजचा संगणकही सर्व माहिती एक आणि शून्य या दोनच चिन्हांत साठवितो. दोऱ्या ओढणाऱ्या मुलाची जागा पुठ्ठ्याने घेतली, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. कारण पुढील भागाशी तिचा निकट संबंध आहे.

४. 'रोबो' म्हणजे वेठ

आज ज्याला आपण रोबो किंवा रोबोट म्हणतो, तो शब्द मुळात यंत्रशास्त्राचा नव्हे. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली 'आर. यू. आर.' हे नाटक प्रसिद्ध केले व १९२१ च्या जानेवारीत ते प्राग येथे रंगभूमीवर आले. मानवाची सर्व कष्टाची कामे करण्यासाठी कारखान्यात निर्माण केलेल्या कृत्रिम माणसांना नाटकात काय नाव द्यावे, हे त्यास सुचेना. तेव्हा त्याचा चित्रकार भाऊ योझेफ याने 'रोबोट' हा शब्द सुचविला. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाला सक्तीने करावे लागणारे काम. आपल्या भाषेत याला एकच नेमका शब्द आहे. तो म्हणजे वेठ. नाटकातील कृत्रिम माणसे अखेर बंड करून उठतात व मानवजातीचा अंत करतात.

आपल्या भागाला वेठ हा शब्द अनोळखी नाही. ज्या राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या पित्याच्या, म्हणजे कागलच्या जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर वसविले व त्याच वर्षी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला, त्यांनीच पुढे कोल्हापूर संस्थानातील वेठबिगार कायद्याने बंद केली. तिकडे प्रागमध्ये वेठीवरून यंत्राचे नाव ठेवले जात असता, जवळजवळ त्याच सुमारास इकडे माणसाला वेठीतून सोडविण्याचे काम चालले होते. हा केवळ कालाचा योगायोग आहे. परंतु शिक्षकाने वर्गात त्याचा उपयोग करून घ्यावा. मुलांना विचारावे: वेठ कोणी करावी? माणसाने की यंत्राने? आणि माणसाची वेठ यंत्राने घेतली, तर मोकळ्या झालेल्या माणसाचे पुढे काय?

या प्रश्नाची दोन्ही अंगे मुलांपुढे ठेवणे आवश्यक आहे. १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील जनरल मोटर्सच्या कारखान्यात 'युनिमेट' नावाचा पहिला औद्योगिक यंत्रहस्त कामाला लागला. जॉर्ज डेव्हॉल याने त्याची कल्पना काढली होती. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलण्याचे काम त्याच्याकडे होते. आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी पदार्थ हाताळण्यासाठी यांत्रिक हात वापरतात. जाड भिंतीच्या अलीकडे उभा असलेला मनुष्य आपला हात जसा हलवितो, तसाच पलीकडील यांत्रिक हात हलतो. पिंगुळीच्या बाहुलीचीच ही प्रगत आवृत्ती म्हणावयास हरकत नाही. केरळमधील तरुण अभियंत्यांनी तयार केलेले 'बँडिकूट' हे यंत्र २०१८ पासून तिरुवनंतपुरम येथे गटारांच्या भुयारांत उतरू लागले. ज्या कामात आजवर कितीतरी माणसांचे प्राण गेले, ते काम यंत्राने घेतले तर त्याचे स्वागत कोणीही करील.

दुसरे अंगही आहे. ऊसतोडणीचे यंत्र शेतात आले की कष्ट वाचतात हे खरे. पण ज्यांचे पोट त्या कोयत्यावर आहे, त्यांची मजुरीही जाते. हंगामात आपल्या भागात येणाऱ्या ऊसतोडणी कामगारांची मुले आपल्याच शाळांच्या आसपास असतात. त्या कुटुंबातील पुढच्या पिढीच्या हाती कोयत्याऐवजी दुसरे साधन द्यावयाचे असेल, तर ते आपणच द्यावयाचे आहे. यंत्र वेठ घेऊ शकते. वेठीतून सुटलेल्या मुलाला पुढची वाट दाखविणे यंत्राच्या हाती नाही. ते काम शाळेचे आहे.

५. जाणीव, निर्णय, कृती

येथवरची सर्व यंत्रे ठरलेले काम ठरलेल्या क्रमाने करणारी होती. भोवतालची परिस्थिती ओळखून काम बदलणारे यंत्र ही पुढची पायरी होय. १९४८-४९ च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या शास्त्रज्ञाने चाकांवर चालणारी दोन यांत्रिक कासवे केली. ती उजेड पाहून तिकडे वळत, अडथळा लागला की बाजूला सरत आणि विद्युत्‌घट उतरला की आपल्या घरट्याकडे परतत. त्यांत विजेचे अगदी थोडे भाग होते. तरी पाहणाऱ्यास ती सजीव भासत.

आजच्या यंत्रमानवाचे तीन भाग मुलांना पुढीलप्रमाणे सांगावेत. पहिला भाग जाणिवेचा. कॅमेरा, ध्वनिग्राहक, स्पर्श व तोल ओळखणारी साधने ही त्याची ज्ञानेंद्रिये होत. यांना सेन्सर किंवा संवेदक म्हणतात. दुसरा भाग निर्णयाचा. संगणकातील आज्ञावली, म्हणजे 'असे असेल तर तसे कर' अशा स्वरूपाचे नियम, येथे काम करतात. तिसरा भाग कृतीचा. सांध्यांतील लहान मोटारी हातपाय हलवितात. कृती झाली की परिस्थिती बदलते, ती पुन्हा संवेदक टिपतात आणि हे चक्र चालू राहते. घराच्या छपरावरील पाण्याच्या टाकीत तरंगणारा गोळा असतो. पाणी भरत आले की तो वर उचलला जातो व तोटी बंद होते. जाणीव, निर्णय व कृती यांचे हे सर्वांत साधे उदाहरण मुलांना प्रत्यक्ष दाखविता येईल.

६. यंत्रमानव लहान का असतो?

मुलांना आवडणारे यंत्रमानव बहुधा ठेंगणे असतात. जपानच्या होंडा कंपनीचा २००० सालचा 'आसिमो' १२० सेंटिमीटर उंचीचा होता. फ्रान्समध्ये तयार झालेला 'नाओ' केवळ ५८ सेंटिमीटरांचा आहे व त्याचे वजन पाच किलोग्रॅमच्या थोडे वर भरते. याचे कारण भूमितीत आहे. एखाद्या आकृतीची उंची, रुंदी व जाडी दुप्पट केली, तर तिचे वजन दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट होते. हाताची लांबीही दुप्पट झाल्यामुळे तो खांद्यातून आडवा उचलून धरण्यास मोटारीला सोळापट जोर लावावा लागतो. शिवाय लहान यंत्रमानव पडला तरी फारसा मोडत नाही व कोणास इजा करीत नाही. लहान मूलही पडत पडतच चालावयास शिकते, ही गोष्ट येथे आठवावी.

चालणे किती कठीण आहे, हे कळण्यासाठी एक प्रयोग करावा. मुलाला भिंतीशी बाजूने असे उभे करावे की, उजवा खांदा व उजवे पाऊल भिंतीस टेकेल. मग डावा पाय उचलावयास सांगावे. तो उचलून ठेवता येत नाही. एरवी पाय उचलताना आपण नकळत शरीराचा भार दुसऱ्या पावलावर नेतो. भिंत तसे करू देत नाही. जे मूल न शिकविता करते, ते यंत्राला शिकविण्यास अभियंत्यांची कित्येक वर्षे गेली. तोक्यो येथील वासेदा विद्यापीठात इचिरो कातो यांच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण आकाराचा पहिला चालणारा यंत्रमानव १९७३ साली तयार झाला, तोही अत्यंत संथ चालीचा. आपल्या देशातील भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २०२० साली लोकांपुढे आणलेल्या 'व्योममित्रा' या स्त्रीरूप यंत्रमानवास पायच दिलेले नाहीत. अवकाशयानात आसनावर बसून काम करावयाचे असल्याने त्यांची गरज नाही. कामाला आवश्यक तेवढेच शरीर, हा यंत्ररचनेचा नियम त्यातून दिसतो.

७. एका शिक्षकाचे उदाहरण

यंत्रमानव मोठ्या प्रयोगशाळेतच जन्मतो, अशी समजूत असल्यास ती दूर करणारे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईत पवई येथील केंद्रीय विद्यालयाचे संगणक शिक्षक श्री. दिनेश पटेल यांनी घरी राहून 'शालू' नावाची यंत्रबाला तयार केली. प्लास्टिक, पुठ्ठा, लाकूड, ॲल्युमिनियम अशा टाकाऊ वस्तू त्यांनी वापरल्या. तीन वर्षे श्रम करून सुमारे ५०,००० रुपयांत ते काम पुरे झाले व २०२१ साली त्याची वार्ता देशभर प्रसिद्ध झाली. भारतातील ९ व परदेशांतील ३८ भाषांत ती बोलू शकते, असे त्या वेळी सांगण्यात आले. यातील भाषांच्या संख्येपेक्षा पुठ्ठ्याचे महत्त्व अधिक आहे. पुठ्ठा आपल्या प्रत्येक शाळेत आहे.

८. वर्गात काय करता येईल

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उच्च प्राथमिक स्तरापासून संगणकीय आज्ञालेखनाच्या उपक्रमांचा उल्लेख आहे. त्यासाठी यंत्राची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पुढील उपक्रम खडू, पुठ्ठा व दोरा एवढ्यावर होतील.

(अ) इयत्ता पहिली व दुसरी : पुठ्ठ्याची बाहुली कापून तिचे हातपाय दोऱ्याच्या गाठींनी सैल जोडावेत व मागून एक दोरा बांधावा. दोरा ओढला असता कोणता भाग हलतो, हे मुलांनी तोंडी सांगावे.

(आ) इयत्ता तिसरी व चौथी : अंगणात खडूने पाच गुणिले पाच चौकटी आखाव्यात. एक मूल यंत्रमानव होईल. 'एक घर पुढे', 'उजवीकडे वळ', 'डावीकडे वळ' या तीनच आज्ञा त्याला समजतील. बाकीच्यांनी आधी आज्ञा पाटीवर लिहून मगच वाचाव्यात. यंत्रमानव चुकीच्या घरात गेला तर दोष त्याला देऊ नये. पाटीवरील कोणती आज्ञा चुकली, ते शोधावे. चूक शोधून दुरुस्त करण्याची ही सवय गणितातही उपयोगी पडते.

(इ) इयत्ता पाचवी व पुढे : घर, शेत व कारखाना येथे पाहिलेल्या दहा यंत्रांची यादी करून प्रत्येकात जाणीव, निर्णय व कृती यांपैकी काय यंत्र करते व काय माणूस करतो, याचा तक्ता करावा. अखेरीस 'यंत्राने घ्यावे असे एक काम व माणसानेच करावे असे एक काम' या विषयावर प्रत्येकाने दहा ओळी लिहाव्यात. शक्य असल्यास यंत्रमागावरील एखाद्या पालकास वर्गात बोलावून मुलांना प्रश्न विचारू द्यावेत.

आता मुलांच्या तीन प्रश्नांची उत्तरे देणे कठीण नाही. यंत्रमानव जिवंत नसतो. त्याला भूक, भीती किंवा माया नसते, जरी त्याचे बोलणे तसे भासले तरी. 'झपाटलेला' या १९९३ सालच्या चित्रपटातील तात्या विंचू हा बाहुला मुलांनी पाहिलेला असतो. त्याच्यात कोणाचा आत्मा शिरला नसून त्यास हलविणारे हात पडद्यामागे होते, हे सांगितले की भीती जाऊन कुतूहल उरते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, त्याला माणसांनीच शिकविले. आज अशी यंत्रेही आहेत की, जी माणसांचे असंख्य लेख व बोलणे यांच्या आधारे स्वतः नियम बनवितात. पण तो आधारही माणसांचाच असतो आणि त्यातील चुका व पूर्वग्रहही यंत्रात उतरतात.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या वागणुकीवर अवलंबून आहे. पाढे म्हणवून घेणे व शुद्धलेखन तपासणे एवढेच अध्यापन असेल, तर ते यंत्रालाही करता येईल. परंतु सकाळी उपाशी आलेले मूल ओळखणे, हंगामी कुटुंबातील नवे मूल शेवटच्या बाकावरून पुढे आणणे आणि चुकीच्या उत्तरामागचा बरोबर विचार हेरणे, यासाठी कोणतेही सूत्र अद्याप लिहिले गेलेले नाही. तपासणीचे कष्ट यंत्राने जरूर घ्यावेत आणि त्यामुळे वाचलेला वेळ शिक्षकांनी मुलांच्या जवळ बसण्यात घालवावा. पुठ्ठ्याच्या बाहुलीचा दोरा या वर्षी प्रत्येक शाळेतील प्रत्येक मुलाच्या हाती एकदा तरी यावा, एवढी अपेक्षा आहे.